भग्न तबकडीचा जीर्णोद्धार

सन १९८२ च्या १ ऑक्टोबरला सीडीची चकचकीत तबकडी जपानांत प्रथम विक्रीस आली. तिचा स्वर निर्दोष व अक्षय राहील, अशी द्वाही जाहिरातींनीं फिरविली. ती अगदींच निराधार नव्हती. तबकडीवर ध्वनीचें माप सेकंदास ४४,१०० वेळां घेऊन अंकांत नोंदलेलें असतें. आणि रीड व सॉलोमन या गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलेल्या संकेतपद्धतीमुळें, सोबतच्या पडताळ्याच्या अंकांवरून, रेघेंतील सुमारें अडीच मिलिमीटरांचा खंडहि जसाचा तसा भरून निघतो. इजा याहून मोठी असली, कीं वादनयंत्र मागच्यापुढच्या अंकांवरून मधला अंक अटकळीनें बसवितें. श्रोत्यास त्याची वार्ताहि नसते.

इंग्लंडांत ब्लॅकबर्न येथें १९८८ ते १९९३ च्या सुमारास निघालेल्या कांहीं तबकड्या तर कडेपासून पिंगट पडल्या. वेष्टनाच्या कागदांतील गंधकापुढें त्यांचा संरक्षक लेप टिकला नाहीं. अशा रुग्ण तबकड्यांस उपयोगी पडणारी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' ही संगणकप्रणाली आंद्रे व्हीटहॉफ यांनीं १९९८ च्या सुमारास सिद्ध केली. सावध रीतीनें नक्कल उतरवितांना ती प्रत्येक भाग दोनदां वाचून पाहते, उत्तरें न जुळल्यास पुनःपुन्हां वाचते, आणि तरीहि संशय उरल्यास ती जागा नोंदवून ठेवते.

या नोंदींतच खरी इतिहासनिष्ठा आहे. तडतड पुसून शेजारच्या लहरींवरून भरलेला खळगा कानास गोड लागला, तरी तो गायकाचा सूर नव्हे. कसर लागलेल्या पोथीचा संपादक तुटलेलीं अक्षरें कंसांत भरतो. तद्वत् मूळ नक्कल अस्पर्श राखून दुरुस्त प्रत निराळी ठेवावी. नाहीं तर पुढच्या पिढ्या यंत्राची अटकळ ऐकून गायकास दाद देतील.