वाचकाचा दिवा

वाचनाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांचा इतिहास म्हणून लिहितो. लेखक, छापखाना, आवृत्ती, किंमत यांची नोंद होते; ज्या उजेडात ग्रंथ वाचला गेला, त्या उजेडाची होत नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर जुने मराठी गद्य वाचताना डोळे शिणू लागले की ही उणीव आम्हांला जाणवते.

उदाहरण बुलढाण्याचेच घेऊ. तेथील ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील १८८१ चा खटला आणि त्यानिमित्ताने स्त्रीजातीवर झालेली टीका हे या निबंधाचे निमित्त. योगायोग असा की त्याच १८८२ च्या ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. वऱ्हाडातील वाचकाला मात्र अद्याप सूर्य किंवा तेलाची ज्योत, एवढेच दोन आधार होते.

त्या ज्योतीचा इतिहास भाषेने जपला आहे. खनिज तेलाला आपण ‘रॉकेल’ म्हणतो, ते ‘रॉक ऑइल’वरून, ‘घासलेट’ म्हणतो, ते ‘गॅसलाइट’वरून. ‘कंदील’ हा शब्द तर अरबीतून आलेला, आणि त्याचे मूळ थेट लॅटिनपर्यंत पोचते. कंदिलाची वात फार वर चढवली की काच काजळते. फार उतरवली की अक्षर दिसत नाही. या दोहोंमधली जागा वाचकाचा हात शोधत असे. ज्या घरात दिवा एकच, तेथे तो कोणापुढे ठेवायचा हा प्रश्नही असेच. दिवस घरकामात जाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला मोकळा वेळ येई तो अंधार पडल्यावर. तेव्हा अक्षरांवरील हक्क हा काही अंशी उजेडावरील हक्क होता.

आता पानच दिवा झाले आहे. कागद स्वतः प्रकाशत नाही. खोलीतला उजेड तो परतवतो. म्हणून खोली उजळली की पान उजळते, खोली मंदावली की पानही मंदावते. पडद्यामागे मात्र त्याचा स्वतःचा प्रकाश असतो. दुपारी खिडकीशी बसून ठेवलेली प्रखरता रात्री तशीच राहिली, तर काळोख्या खोलीत तो पडदा डोळ्यांवर येतो. उलट भर उजेडात पडदा मंद असेल, तर अक्षरे फिकी पडतात आणि आपण डोळे बारीक करून वाचत राहतो.

यावरची कसोटी साधी आहे. पडद्याशेजारी कोरा कागद धरावा आणि पडद्यावरचे पांढरे पान त्या कागदाइतकेच उजळ दिसेपर्यंत प्रखरता कमी-अधिक करावी. रात्री खोलीतही एखादा दिवा असू द्यावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूरवर पाहण्याचा सल्ला नेत्रतज्ज्ञ देतात. या शिणाने डोळ्यांना कायमची इजा होते असे ते मानत नाहीत. होते ती हानी वाचनाची.

ती लहान नाही. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, तरीही हा निबंध पुढे दीर्घकाळ विस्मृतीत गेला; स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंचे गद्य धावत्या, लांब वाक्यांचे, बोलीचा झणका असलेले. ते एका बैठकीत, सलग वाचावे लागते. शिणलेला वाचक दहाव्या पानावर थांबतो, आणि उपलब्ध असलेला ग्रंथही न वाचलेलाच राहतो. वात सारखी करणे हे पूर्वी वाचनाचे पहिले काम होते. पडद्यासमोर बसणाऱ्या आम्हां शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही ते काम पहिलेच मानावे.