क्रेडिट म्हणजे विश्वास

आमच्या तामलवाडीच्या गटाच्या मोबाईलवर एकदा 'डेबिट' असा मेसेज आला. पैसे जमा झाले समजून आम्ही निर्धास्त राहिलो. हप्त्याच्या दिवशी पाहतो तर खात्यात पैसे कमी! तेव्हापासून आम्ही अवघड इंग्रजी शब्दांची मुळं शोधू लागलो.

बरीच मुळं लॅटिन, म्हणजे जुन्या रोमच्या भाषेतली निघाली. 'डेबिट'चं मूळ देणं लागणं. खात्यात त्याचा अर्थ नावे. 'क्रेडिट'चं मूळ विश्वास ठेवणं. खात्यात त्याचा अर्थ जमा. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक. तिच्याकडून आलेला 'पगार' आणि इंग्रजी 'पेमेंट' एकाच मुळाचे.

आणि रोमचा व्यापार आपल्याला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचं नाव आहे. तिथलं कापड गाड्यांवरून भडोच बंदराला जाई आणि पुढे जहाजानं पश्चिमेकडे.

आता दर बैठकीत आम्ही एक शब्द मुळापासून शिकतो. आपला गट विश्वासावरच चालतो ना? मग 'क्रेडिट' आपल्याला परका कसा?