उपकरणांची ऊर्जामानके : इंदूर

विजेच्या उपकरणाने ठरावीक कामासाठी जास्तीत जास्त किती वीज घ्यावी, याची केंद्र सरकारने घातलेली मर्यादा आणि ती ग्राहकाला दाखवणारे तारांकित लेबल. वीज हा समवर्ती सूचीतला विषय असला, तरी ही मानके मध्य प्रदेशाला वेगळा कायदा करून स्वीकारावी लागली नाहीत. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ च्या कलम १४ नुसार ती इंदुरातही थेट लागू होतात. अमेरिकेत क्रम उलटा होता. तिथे कॅलिफोर्नियाने १९७० च्या दशकात पुढाकार घेतला आणि संघराज्याचा कायदा १९८७ मध्ये आला. भारतात इमारतींची ऊर्जासंहिता राज्याला स्थानिक हवामानाप्रमाणे बदलता येते, उपकरणांचे मानक नाही. राज्याच्या वाट्याला येते ती अंमलबजावणी. त्यासाठीची नियुक्त संस्था म्हणजे भोपाळचे मध्य प्रदेश ऊर्जा विकास निगम. महाराष्ट्रात हेच काम पुण्याची ‘महाऊर्जा’ करते.

लेबलांचे काम पाहणारा केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्यूरो १ मार्च २००२ रोजी स्थापन झाला. २००६ मध्ये लेबल ऐच्छिक स्वरूपात आले. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, एसी, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्रे यांना ते सक्तीचे झाले, तर छताच्या पंख्यांना २०२३ पासून.

एसीच्या लेबलावरचा वार्षिक वापराचा आकडा १,६०० तास आणि बाहेरचे २४ ते ४३ अंश तापमान धरून काढलेला असतो. माळव्याच्या पठारावर उन्हाळ्यातही रात्री तापमान बरेच उतरते. तेव्हा इंदूरच्या घरातले बिल या आकड्याबरहुकूम येईलच असे नाही. दोन मॉडेलांची तुलना करायला मात्र तो पुरेसा आहे. लेबलावरची मुदतही वाचावी, कारण निकष कडक होत जातात : पाच ताऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४.५ हा हंगामी दक्षतांक (हंगामभरातला गारवा आणि त्याला लागलेली वीज यांचे गुणोत्तर) पुरत होता, जुलै २०२२ पासून ५ लागू लागला.

सर्वसाधारण घराला खरा फायदा पंख्यात आहे. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट घेतो. ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ११ युनिटांच्या आत राहतो. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांना पहिली १०० युनिटे १०० रुपयांत देणारी योजना आहे. त्या मर्यादेच्या काठावरच्या कुटुंबाला तीन पंखे बदलून वाचणारी अठ्ठेचाळीस युनिटे सवलतीच्या आत ठेवू शकतात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ताऱ्यांआधी हा हिशेब सांगायला हवा.

ऊर्जा संवर्धन अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नियुक्त संस्थेला निरीक्षक नेमता येतात. २०१० च्या दुरुस्तीने दंडाची कमाल मर्यादा दहा लाख रुपये झाली, आणि दोषनिर्णयासाठी अधिकारी राज्य वीज नियामक आयोग नेमतो. मानक दिल्लीत ठरत असले, तरी इंदूरच्या जेल रोडवरच्या दुकानात मांडलेल्या मालावर खरे लेबल आहे की नाही, हे पाहणे राज्याच्याच हाती आहे. ही तपासणी नियमित होणे ग्राहकाच्या दृष्टीने नव्या मानकाइतकेच मोलाचे आहे. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात ऊर्जा व पर्यावरण अध्ययनशाळा आहे. या कामासाठी शिकलेली माणसे शहरातच मिळू शकतात.

वितरण रोहित्रांच्या बाबतीत राज्य स्वतःच ग्राहक आहे. इंदुरात मुख्यालय असलेली पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी शासकीय आहे. रोहित्रावर भार नसतानाही त्याच्या गाभ्यात चोवीस तास वीज वाया जाते, त्यामुळे खरेदीच्या वेळी किमतीबरोबर ही गळतीही मोजावी लागते.