गतीच्या साखळीचा इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. तेव्हापासून या परिसराचे जीवन घड्याळाशी आणि गतीशी जखडले गेले आहे. तेव्हा गतीच्या गणिताच्या इतिहासाविषयी चार शब्द बोलायचे, तर ते ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या नागरिकांपुढे बोलणे उचितच होय. आमचा विषय आहे कलनशास्त्रातला साखळीचा नियम. नाव ऐकून कोणी दचकू नये. नियम साधा आहे. त्याचा इतिहास मात्र विचार करायला लावणारा आहे.

प्रथम नियम पाहू. समजा, गाडीच्या मोटारीचे चार फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तीन मीटर पुढे जाते. मोटार मिनिटाला सोळाशे फेरे घेत असेल, तर गाडी किती जाईल? सोळाशेचा चौथा हिस्सा चारशे, आणि चारशेची तिप्पट बाराशे. मिनिटाला बाराशे मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. एक राशी दुसरीवर अवलंबून, दुसरी तिसरीवर. अशा वेळी दर कडीचा बदलाचा दर काढावा आणि सर्व दरांचा गुणाकार करावा. हाच साखळीचा नियम. मोटारीचे दर मात्र ठरलेले असतात. जिथे दर स्वतःच क्षणोक्षणी पालटत असतो, तिथे दर कडीचा त्या क्षणाचा दर घ्यावा लागतो. खरी अडचण आणि खरी गंमत तिथेच आहे.

अशी अडचण आपल्या पूर्वजांपुढे आली ती आकाशात. चंद्र रोज सारखा चालत नाही. त्याची मध्यम गती दिवसाला ७९० कला ३५ विकला. पण तो उच्चाजवळ असता मंदावतो आणि नीचाजवळ असता वेगाने धावतो. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यामधल्या अंतराचे बारा बारा अंशांचे भाग. तिथी नेमकी केव्हा संपते हे सांगायचे, तर चंद्राची त्या वेळची गती हवी. आजच्या आणि उद्याच्या स्थानांची वजाबाकी करून मिळणारी सरासरी तिथे पुरी पडत नाही. ज्या घरी एकादशी किंवा श्राद्धतिथी पाळली जाई, त्या घरी हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त या प्रश्नाचा नेमका विचार केला आहे. नुसती दैनिक गती निराळी आणि 'तात्कालिक' गती निराळी, असा भेद ते करतात आणि चंद्रासाठी तात्कालिक गतीच घ्यावी असे बजावतात. त्यांची रीत अशी. ग्रहाचे उच्चापासूनचे अंतर म्हणजे केंद्र. ग्रहाच्या मध्यम स्थानाला द्यायची दुरुस्ती केंद्राच्या ज्येवर अवलंबून असते, आणि केंद्र काळावर अवलंबून असते. दुरुस्ती, ज्या, केंद्र, काळ अशी ही साखळी झाली. ज्या कोणत्या दराने बदलते? कोटिज्येच्या प्रमाणात, असे आचार्य सांगतात. मग त्या दराला ते केंद्राच्या गतीने गुणतात. आज महाविद्यालयात विद्यार्थी जे करतो, तेच इथे आहे.

आकडे घालून पाहू. चंद्राच्या मंदपरिधीचे माप ३१ अंश ३६ कला, पूर्ण वर्तुळ ३६० अंश, आणि केंद्राची गती दिवसाला सुमारे ७८४ कला. चंद्र उच्चावर असता कोटिज्या सर्वांत मोठी. तेव्हा ७८४ ला ३१.६ ने गुणून ३६० ने भागले की सुमारे ६९ कला येतात. म्हणजे उच्चावर गती सुमारे ७२२ कला आणि नीचावर ८५९ कला. केंद्र नव्वद अंशांवर आले की कोटिज्या शून्य होते, दुरुस्तीचा बदल थांबतो आणि स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच होते. जिथे दुरुस्ती सर्वांत मोठी, तिथे तिचा दर शून्य, हे मर्म आचार्यांनी ओळखले होते.

या साखळीला आणखी एक कडी आहे. दुरुस्ती आधी ज्येच्या रूपाने मिळते. तिचे चाप करावे लागते. ही कडी जमेस धरून अचूक सूत्र दिले ते केरळच्या नीलकंठ सोमयाजींनी, इ. स. १५०० च्या सुमारास, 'तंत्रसंग्रहा'त. त्यात वर्गमुळाने भागाकार येतो, आणि आजच्या रीतीने व्यस्त ज्येचे अवकलन करताना नेमका तोच येतो.

युरोपात या नियमाची पहिली खूण लायब्निझच्या १६७६ च्या एका टिपणात सापडते. नियम व्यापक रूपाने, कोणत्याही फलनाला लागू पडेल असा, पुढे मांडला गेला तो तिकडेच.

आता वादाचा मुद्दा. १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बापूदेव शास्त्री यांनी भास्कराचार्यांना कलनशास्त्र अवगत होते, असे प्रतिपादन केले. बापूदेव हे पुण्यात जन्मलेले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवणारे गणिती. दोन वर्षांनी इंग्रज गणिती स्पॉटिसवुड यांनी उत्तर दिले: रीत लक्षणीय आहे खरी, पण अतिसूक्ष्म अंतराची कल्पना तिथे स्पष्ट मांडलेली नाही. आम्हांस वाटते, दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. भास्कराचार्यांनी क्षणाची गती ओळखली आणि साखळी गुणली. परंतु ग्रहगणिताबाहेर तो नियम त्यांनी नेला नाही. हे सांगण्याने आचार्य लहान होत नाहीत आणि न सांगण्याने मोठे होत नाहीत.

आम्हांस अधिक बोचतो तो दुसराच प्रश्न: महाराष्ट्रात पुढे काय झाले? चाळीसगावजवळ पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी १२०७ मध्ये त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, याचा शिलालेख आहे. परंतु आमच्या पंचांगकर्त्यांच्या हाती राहिला तो कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा १५२० चा 'ग्रहलाघव'. ज्या आणि चाप यांची कटकटच नको, अशी त्या ग्रंथाची सोय होती. गणेश दैवज्ञ स्वतः मोठे गणिती होते. त्यांनी 'लीलावती'वर उपपत्तीसह टीका लिहिली. परंतु सोय सर्वांनी घेतली आणि उपपत्ती थोड्यांनीच वाचली. केरळात कड्या वाढत गेल्या, आमच्याकडे आचार्यांची साखळी पोथीत बांधून राहिली.

ती पुन्हा उकलली एकोणिसाव्या शतकात. बाळशास्त्री जांभेकरांनी 'शून्यलब्धी' या नावाने कलनाचा परिचय मराठीत करून दिला. त्यांचे शिष्य केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. याच ठाण्यात जनार्दन बाळाजी मोडक ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांचा शोध घेत होते, आणि १८८० नंतरची काही वर्षे शंकर बाळकृष्ण दीक्षित इथल्या मराठी शाळेत शिक्षक होते. मोडक, विसाजी रघुनाथ लेले आणि दीक्षित यांनी पुढे सायन पंचांगाचा उद्योग केला, आणि दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळामास्तरांच्या तुटपुंज्या पगारात या माणसाने जुन्या ग्रंथांतला आकडा न् आकडा स्वतः करून पाहिला. गावाला अभिमान बाळगायचा असेल, तर तो याचा बाळगावा.

आज आमच्या गावांतून शिकवणीवर्ग उदंड आहेत. साखळीचा नियम तिथे दोन ओळींत पाठ होतो आणि परीक्षेत गुणही मिळतात. त्याला आमची हरकत नाही. सोय ही सोयच आहे. परंतु मुलाने नियम म्हणून दाखविला, की वडीलधाऱ्यांनी एवढे तरी विचारावे: बाळ, हा गुणाकारच का? बेरीज का नाही? त्याला मोटारीचे फेरे आणि चाकाचे फेरे सांगता आले, तर त्याला नियम आला असे समजावे. भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच 'वासना' हे भाष्य लिहिले ते एवढ्याचसाठी. ज्योतिषाच्या परिभाषेत वासना म्हणजे उपपत्ती.