मल्लखांब : संज्ञा, उगम आणि प्रसार

मल्लखांबाचा इतिहास बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’पासून आरंभण्याची प्रथा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांत ‘स्तंभश्रम’ येतो. ज्येष्ठीमल्लांच्या ‘मल्लपुराणा’तही स्तंभावरील श्रमाचा उल्लेख सापडतो. परंतु मल्लाच्या पूर्वतयारीचा एक प्रकार आणि स्वतंत्रपणे वाढलेली विद्या ही एकच मानावयाची काय, हा प्रश्न अशा उल्लेखांनी सुटत नाही.

कोरियातील तायक्वांदोविषयी असाच वाद आहे. त्याची परंपरा सिल्ला राज्याच्या ‘ह्वारांग’ तरुणांपर्यंत नेली जाते; प्रत्यक्षात हे नाव १९५५ मधले असून त्याच्या आरंभीच्या अनेक शिक्षकांचे शिक्षण जपानी कराटेत झाले होते. तायक्क्यॉन ही पदाघातांची जुनी क्रीडा कोरियात होतीच. पण पूर्वज असणे आणि तेच असणे यांत अंतर आहे.

मल्लखांबाच्या बाबतीत शब्दांची साक्ष उपयोगी पडते. ‘मल्ल’ हे तत्सम, ‘खांब’ हे तद्भव. हेमचंद्र प्राकृत ‘खंभ’ची व्युत्पत्ती ‘स्तंभ’पासून लावतो; पिशेलने ती वैदिक ‘स्कंभ’कडे नेली आहे आणि ध्वनिदृष्ट्या तीच अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास ‘स्तंभश्रम’ आणि ‘मल्लखांब’ यांतील उत्तरपदे अर्थाने जुळतात, वंशाने जुळत नाहीत. अर्थात एवढ्यावरून विद्येचे सातत्य खंडित ठरत नाही. पण ग्रंथातील नाव झिजत आजचे नाव झाले, असे मात्र म्हणता येणार नाही.

याहून बोलकी आहे ती खांबाच्या अवयवांची नावे. खालच्या जाड भागाला ‘अंग’, वरच्या निमुळत्या भागाला ‘मान’ आणि शेवटच्या गोळ्याला ‘बोंड’ म्हणतात. ज्याला अंग आहे, मान आहे, तो खांब नुसते लाकूड राहत नाही. तो प्रतिस्पर्धी आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबास मांडीची पकड घालणारा मल्ल घामाने निसटत्या देहाचाच सराव करीत असतो. आखाड्याच्या व्यवस्थेचे शब्द — तालीम, वस्ताद, पहिलवान, कुस्ती, पेच — अरबी-फारशी आहेत. खांबावरच्या कसरतींची अढी, तेढी, उडी, वेल, सुईदोरा ही नावे मात्र घरगुती मराठी आहेत. (‘सलामी’ आणि ‘बगली’ हे अपवाद लक्षात ठेवावेत.) संस्था सामायिक होती, हा प्रकार मराठी बोलणाऱ्यांच्या हाती घडला, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

परंपराही याच दिशेने जाते. निजामाच्या राज्यातून अली व गुलाब हे दोन पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिले. नाशिककडील कोठुरे गावच्या बाळंभट्टदादा देवधरांनी मुदत मागून वणीस सप्तशृंगीची उपासना केली, आणि मारुतीच्या दृष्टांताने त्यांना ही विद्या लाभली, असे सांगतात. दृष्टांत श्रद्धेचा विषय म्हणून बाजूस ठेवला तरी कथेतील स्थळ, काळ व प्रतिपक्ष शब्दांच्या साक्षीशी विसंगत नाहीत.

प्रसाराला कारण झाले ते राज्य बुडणे. १८१८ मध्ये बाजीराव शरण आला व पुढे कानपूरजवळ ब्रह्मावर्तास राहिला. त्याच्याबरोबर देवधरही गेले. तेथून ही विद्या काशीच्या आखाड्यात पोचली, आणि शिष्यपरंपरेने पुन्हा महाराष्ट्रात व बडोद्यास आली. पुण्याच्या दरबारात राहिली असती, तर ती दरबाराबरोबरच संपण्याचा संभव होता.

विसाव्या शतकात दरबाराची जागा व्यायामशाळांनी घेतली. १९१४ मध्ये अमरावतीस स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. वेताच्या मल्लखांबाची जागा सुती दोरीने घेतली, आणि दोरीवर मुलीही मोठ्या संख्येने उतरल्या. १९८१ मध्ये उज्जैनला स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा. आता खांबावर गुण मिळतात ते लवचिकपणाला व तोलाला. पकडीतून प्रतिपक्षी सुटतो की नाही, हे कोणी पाहत नाही. खांबाची मान मात्र अजून मानच म्हणवली जाते.