'सामान्य प्रेक्षक' या संकल्पनेचा इतिहास : नागपूर उच्च न्यायालय ते दूरचित्रवाणी मालिका

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकांविषयी घरोघरी मते असतात. ती जेवताना, बसथांब्यावर, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये बोलून दाखविली जातात आणि बहुधा तेथेच विरून जातात. मालिका कोणी लिहिली, कोणी दिग्दर्शित केली, तिचे किती भाग प्रसारित झाले, याची नोंद राहते. ती सहज म्हणून पाहणाऱ्या माणसाला काय वाटले, याची नोंद क्वचितच राहते. इतिहासाच्या अभ्यासकांनीही या मतांना साधन म्हणून फारसे महत्त्व दिलेले नाही.

असे असले तरी सार्वजनिक जीवनात या सामान्य प्रेक्षकाचे नाव वारंवार घेतले गेले आहे. 'सामान्य प्रेक्षक बिथरेल', 'सामान्य प्रेक्षक अंधश्रद्ध होईल' अशी कारणे देऊन मालिका थांबविण्याचे प्रयत्न झाले. आणि 'सामान्य प्रेक्षक समंजस आहे' असे म्हणूनच न्यायालयांनी त्या दाखवू दिल्या. हा सामान्य प्रेक्षक नेमका कोण, त्याच्या वतीने कोण बोलत होते आणि तो स्वतः काय म्हणत होता, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केलेला आहे. या विचाराचा प्रारंभ नागपुरापासून करणे सयुक्तिक ठरते, कारण १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालिकेच्या प्रेक्षकाला जो मापदंड लावला, तो नागपूर उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयातून घेतलेला होता.

नागपूर उच्च न्यायालयाचा मापदंड

मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी नागपूर येथे १९३६ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. त्यापूर्वी येथे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. नव्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांमध्ये व्हिव्हियन बोस यांचा समावेश होता. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे ते नातू. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

'भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार, मध्य प्रांत व वऱ्हाड' हा निर्णय नागपूरहूनच प्रकाशित होणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या १९४७ च्या खंडात आलेला आहे. छापील मजकुरावर प्रांतिक सरकारने केलेली कारवाई हा त्यातील वादाचा विषय होता. शब्दांचा परिणाम कोणाच्या मनावरून ठरवायचा, हा मूळ प्रश्न होता. न्या. बोस यांचे उत्तर असे की, तो विचारी, खंबीर आणि धीट माणसांच्या दृष्टीने ठरवावा. दुबळ्या व डळमळीत मनाच्या माणसांच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्यांच्या दृष्टीने नव्हे.

हे उत्तर परकीय सत्तेच्या अखेरच्या काळात दिले गेले, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. प्रजा भोळी आहे, वृत्तपत्रातील चार ओळींनी ती चिथावली जाते, हे वसाहतवादी राज्यकारभाराचे एक गृहीतक होते. वाचक खंबीर मनाचा आहे असे मानणे म्हणजे त्या गृहीतकालाच नकार देणे होते. तेव्हा 'सामान्य वाचक' ही केवळ कायद्यातील सोय राहिली नाही. प्रजेला नागरिक मानण्याची ती एक पायरी होती.

चित्रपट आणि न्या. हिदायतुल्ला

मुद्रित शब्दासाठी घडलेला हा मापदंड चित्रपटाला जसाच्या तसा लागू झाला नाही. या टप्प्यावरही नागपूरशी संबंध असलेले नाव समोर येते. मोहम्मद हिदायतुल्ला यांचे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात झाले. त्यांनी येथेच वकिली केली आणि १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. भारताचे सरन्यायाधीश असताना १९७० मध्ये त्यांनी 'के. ए. अब्बास विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणाचा निर्णय लिहिला. 'अ टेल ऑफ फोर सिटीज' या अब्बास यांच्या माहितीपटाला देण्यात आलेल्या प्रमाणपत्रावरून हा वाद उद्भवला होता.

या निर्णयात प्रेक्षकाविषयीच्या दोन भूमिका एकत्र आढळतात. चलच्चित्राचा परिणाम इतर कलांहून अधिक खोल होतो, म्हणून पूर्वपरीक्षण वैध आहे, असे न्यायालयाने मानले. त्याचबरोबर, समाजातील सर्वांत दुर्बल किंवा विकृत मनाच्या माणसाला प्रमाण मानून निकोप मनाच्या माणसाने काय पाहावे हे ठरवू नये, असेही बजावले. वाचकावर पूर्ण विश्वास आणि प्रेक्षकावर अर्धा विश्वास, अशी ही स्थिती होती. त्या काळातील सुशिक्षित वर्गाचे मत याहून फारसे वेगळे नसावे.

'तमस' आणि 'होनी अनहोनी'

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा प्रश्न १९८८ मध्ये ऐरणीवर आला. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेली 'तमस' ही मालिका त्या वर्षीच्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू झाली. फाळणीच्या वेळच्या हिंसाचाराचे चित्रण पाहून लोक भडकतील, असा आक्षेप घेऊन मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. न्या. बख्तावर लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणास अनुमती दिली. निरक्षर माणूस म्हणजे सारासार बुद्धी नसलेला माणूस नव्हे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

त्यानंतर 'रमेश विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८८ रोजी हीच भूमिका मान्य केली. निर्णयात न्या. बोस यांचा नागपूरचा मापदंड उद्धृत करण्यात आला आणि तो सर्वसामान्य विचारी माणसाचा, म्हणजेच इंग्रजी कायद्यातील 'क्लॅपहॅमच्या बसमधील माणसा'चा मापदंड असल्याचे सांगण्यात आले. वृत्तपत्राच्या वाचकासाठी घडलेला मापदंड अशा रीतीने चाळीस वर्षांनी मालिकेच्या प्रेक्षकाला मिळाला.

त्याच वर्षी महाराष्ट्रातूनच दुसरे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. 'होनी अनहोनी' या मालिकेतून अंधश्रद्धा पसरते, अशी तक्रार विज्ञानप्रसाराचे कार्य करणाऱ्या लोकविज्ञान संघटनेने केली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने पुढील भागांच्या प्रसारणास अंतरिम मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली. मालिका समाजाला अपायकारक असल्याचा तक्रारदारांच्या कथनापलीकडे पुरावा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नागरिकाने दूरदर्शनवर आपली कलाकृती दाखविणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे तत्त्वही याच निर्णयाने प्रस्थापित झाले.

या दोन प्रकरणांतील तक्रारदारांच्या प्रेरणा भिन्न होत्या. दुसऱ्या प्रकरणातील हेतू तर पुरोगामी आणि प्रामाणिक होता. तथापि, एक गोष्ट दोन्हीकडे समान दिसते. मालिकेमुळे आपण स्वतः बिथरलो किंवा अंधश्रद्ध झालो, असे कोणीही म्हणत नव्हते. धोका नेहमी 'इतरां'ना होता. सामान्य प्रेक्षक म्हणजे आपल्याहून कमी समजणारा दुसरा कोणी, ही धारणा त्यामागे होती.

प्रत्यक्ष प्रेक्षक : 'हम लोग'ची पत्रे

न्यायालयात ज्याच्या नावाने वाद चालला, तो प्रेक्षक प्रत्यक्षात काय म्हणत होता? यासाठी 'हम लोग' (१९८४-८५) या मालिकेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. तिच्या मुळाशीही विदर्भाचा एक धागा आहे. नागपूरशी दीर्घ संबंध असलेले आणि १९८० पासून वर्ध्याचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे वसंत साठे १९८० ते १९८२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. रंगीत दूरचित्रवाणीचा त्यांनी आग्रहाने पुरस्कार केला. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा जो प्रयोग केला होता, तसा भारतात करावा ही कल्पना साठे यांच्या मेक्सिको भेटीनंतर पुढे आली, असे सांगितले जाते.

मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या १५६ भागांच्या मालिकेचा मूळ उद्देश कुटुंबनियोजनाचा प्रसार हा होता. सुरुवातीच्या तेरा भागांना मिळालेला प्रतिसाद निरुत्साही होता. तेव्हा उपदेश मागे सारून कौटुंबिक कथानक पुढे आणण्यात आले. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी संवाद साधीत. या मालिकेबाबत सुमारे चार लाख पत्रे आल्याचा अंदाज आहे. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी त्यांपैकी काही पत्रांचा अभ्यास केला.

त्या अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मालिकेतील भागवंती ही सोशिक आई अनुकरणीय नाही, असे कर्त्यांना सुचवायचे होते. तिच्यावरील अन्याय पाहून प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, वेगळा विचार करावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. प्रेक्षक कर्त्याच्या हातातील बाहुले नव्हता, हे यातून सिद्ध होते; परंतु त्याचे स्वतंत्र मत पुरोगामीच असेल, याचीही खात्री नव्हती.

मापदंडाच्या मर्यादा

न्यायालयाचा कल्पित प्रेक्षक आणि हा प्रत्यक्ष प्रेक्षक शेजारी ठेवले असता मापदंडाच्या तीन मर्यादा दिसून येतात.

पहिली मर्यादा लिंगभावाची. 'क्लॅपहॅमच्या बसमधील माणूस' हा पुरुष आहे. मालिकांचा नियमित प्रेक्षकवर्ग मात्र मोठ्या प्रमाणावर स्त्रियांचा राहिला आहे. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील निम्न-मध्यमवर्गीय व श्रमिक वस्त्यांत केलेला आणि १९९९ मध्ये ग्रंथरूपाने आलेला अभ्यास दाखवितो की, स्त्रिया मालिकेतील प्रसंग स्वतःच्या घरातील अनुभवाशी ताडून पाहत आणि त्यावर वाद घालीत. 'धीट व खंबीर' या विशेषणांत हे ताडून पाहणे बसत नाही.

दुसरी मर्यादा एकटेपणाची. कायद्यातील प्रेक्षक एकटा बसून निर्णय करतो. १९८० च्या दशकातील प्रेक्षक मात्र अनेकदा शेजाऱ्याच्या घरात, दाटीवाटीने बसलेल्या समूहात असे. 'रामायण' मालिका जुलै १९८८ मध्ये उत्तरकांड न दाखविता संपली, तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केल्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. महर्षी वाल्मीकींना आपले मानणाऱ्या समाजाचे ते सामूहिक मत होते. पुढे उत्तरकांडावरील मालिका प्रसारित झाली.

तिसरी मर्यादा साधनांची. प्रेक्षकाला विचारून पाहण्याची पद्धत आपल्याकडे नव्हती, असे म्हणता येत नाही. १९७५-७६ च्या 'साइट' या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. पूर्वी मध्य प्रांतात असलेला रायपूरचा परिसरही त्यात होता. त्या वेळी मानवशास्त्राचे संशोधक काही खेड्यांत मुक्कामाला राहिले होते. कर्क जॉन्सन यांनी पश्चिम महाराष्ट्रातील दोन डोंगरी खेड्यांत असाच अभ्यास केला आणि तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. खाजगी वाहिन्यांच्या काळात मात्र या चौकशीची जागा प्रेक्षकसंख्येच्या मोजणीने घेतली. संच कोणत्या वाहिनीवर लावलेला होता हे त्या आकड्यांवरून कळते. पाहणारा मनात हो म्हणत होता की नाही, हे कळत नाही.

समारोप

न्या. बोस यांचा मापदंड आजही जिवंत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर व्यक्त केलेल्या मतांवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केला, तेव्हा त्याच नागपूरच्या निर्णयाचा आधार घेण्यात आला. ही घटना आपणा प्राध्यापकवर्गाला अंतर्मुख करणारी आहे. मालिका पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या समजुतीवर आपण सहज शंका घेतो. पण आपल्या शब्दांवर वेळ आली असता आपलेही संरक्षण त्याच सामान्य माणसाच्या समंजसपणावर विश्वास ठेवून केले जाते.

तथापि, विश्वास ठेवणे आणि ऐकून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. न्यायालयाने प्रेक्षकावर विश्वास ठेवला, त्याला विचारले नाही. ते न्यायालयाचे कामही नव्हते. ते काम इतिहास, समाजशास्त्र आणि भाषा या विषयांच्या विभागांचे आहे. झी मराठीवरील 'माझ्या नवऱ्याची बायको' (२०१६-२०२१) या मालिकेची नायिका राधिका नागपूरची आणि वैदर्भी वळणाचे बोलणारी दाखविली होती. ती बोली ऐकताना नागपूर, वर्धा, भंडाऱ्याच्या घरांत आपलेपणा वाटला की थट्टा झाल्याचे दुःख झाले, हे सांगू शकणारी माणसे आज आपल्या अवतीभवती आहेत. त्याआधीच्या पिढीतील, शेजारच्या घरी 'हम लोग' आणि 'तमस' पाहिलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत.

महाविद्यालयीन स्तरावर मौखिक इतिहासाचे छोटे प्रकल्प हाती घेऊन या आठवणी व मते नावनिशी न उघड करता नोंदविणे शक्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या आजीला तीन प्रश्न विचारले तरी प्रारंभ होईल: काय पाहिले, कोणाबरोबर पाहिले आणि कोणत्या पात्राशी पटले नाही. नागपूरने भारतीय न्यायव्यवस्थेला समंजस सामान्य माणसाची एक व्याख्या दिली. त्या माणसाचे प्रत्यक्ष शब्द जतन करण्याचे काम येथील महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे, हे त्या परंपरेला धरूनच होईल.