'उगम': कॅन्सरमधून बरी झालेली तरुण मुलं एकमेकांना कशी साथ देतात?

शेवटची केमोथेरपी झाली. रिपोर्ट चांगले आले. डोक्यावर केसही पुन्हा उगवले. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे! पण लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलामुलींचे बरेच प्रश्न इथूनच सुरू होतात. बुडालेलं शाळेचं वर्ष कसं भरून काढायचं? नोकरीच्या मुलाखतीत आजाराबद्दल सांगायचं का? आणि लग्न ठरताना?

'उगम' म्हणजे काय?

याच प्रश्नांतून गेलेल्या तरुणांचा 'उगम' हा गट २००९ मध्ये मुंबईत सुरू झाला. त्यामागे इंडियन कॅन्सर सोसायटी आहे. बालपणी कॅन्सरवर मात केलेले तरुण-तरुणी इथे एकमेकांना भेटतात आणि उपचार सुरू असलेल्या मुलांना, त्यांच्या पालकांना धीर देतात.

अशा मैत्रीने काय फरक पडतो?

लहान मुलांमध्ये रक्ताचा कॅन्सर सर्वाधिक आढळतो. त्याच्या एएलएल या प्रकारावरचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. बाहेरगावाहून मुंबईत आलेल्या कुटुंबाची मजुरी बुडते, राहण्याचा खर्च वाढतो आणि भीती असतेच. काही जण उपचार अर्धवट सोडून गावी परततात. मग बरा होऊ शकणारा आजारही जीवावर बेततो.

अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला लागतोच. पण हाच आजार झेलून आज नोकरी करणारी एखादी ताई समोर बसून बोलली, की 'आपलं मूलही मोठं होईल' यावर आईवडिलांचा विश्वास बसतो.

बरं झाल्यावरही तपासणी का?

काही औषधांचा आणि रेडिएशनचा परिणाम हृदय, वाढ, ऐकणं किंवा प्रजननक्षमतेवर अनेक वर्षांनी दिसू शकतो. त्यासाठीच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून 'ॲक्ट क्लिनिक' चालतं. उपचार संपलेल्या मुलांची तिथे नियमित तपासणी होते.

तुमचा मित्र आजारी असेल तर?

कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. त्यामुळे त्याच्याजवळ बसायला घाबरू नका. मात्र केमोदरम्यान त्याची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून तुम्हाला सर्दी-ताप असेल तर भेटायला न जाता फोन करा. वर्गाच्या नोट्स पाठवा, मॅचवर गप्पा मारा. आजाराचा विषय काढायचा की नाही, हे त्याला ठरवू द्या.